ज्वाला-आयनीकरण अभिज्ञातक : इतिहास व निगा

ज्वाला-आयनीकरण अभिज्ञातक : वायू वर्णलेखनाने एकमेकांपासून अलग केलेली कार्बनी संयुगे ओळखण्यासाठी व त्यांचे प्रमाण मोजण्यासाठी वापरण्यात येणारे साधन. हायड्रोजनाच्या लहानशा ज्योतीत कार्बनी संयुगाची वाफ जळताना अत्यल्प प्रमाणात आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) निर्माण होतात. ज्योतीभोवती विद्युत् दाब लावला असता या आयनांमुळे अतिशय क्षीण विद्युत् प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह ज्योतीत दर सेकंदास येणाऱ्या कार्बनाच्या राशीच्या प्रमाणात असतो व त्याच्या नोंदीवरून संयुगाचे प्रमाण काढता येते. हे साधन १९५७–५८ मध्ये ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे स्वतंत्रपणे शोधून काढण्यात आले. रचनेचा साधेपणा, संवेदनक्षमता व विस्तृत मापन पल्ला यांमुळे ते थोड्याच वर्षांत जगभर रूढ झाले आणि वायू वर्णलेखनात आजही त्याचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होतो. मात्र इतकी क्षीण राशी मोजणारे साधन तितक्याच क्षीण मलिनतेनेही फसते. त्यामुळे या अभिज्ञातकाचा इतिहास हा त्याच्या शोधाइतकाच तो स्वच्छ ठेवण्याच्या पद्धतींचाही इतिहास आहे.

पूर्वेतिहास : रशियन वनस्पतिवैज्ञानिक म्यिखाइल त्स्व्येत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये चूर्णाने भरलेल्या नळीतून अलग करून दाखविली व त्यातून वर्णलेखन हे तंत्र उदयास आले [⟶ वर्णलेखन]. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ए. जे. पी. मार्टिन व आर. एल. एम. सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखनाचे तत्त्व मांडले. त्याच निबंधात त्यांनी द्रवाऐवजी वायूचा प्रवाह वापरता येईल, असे सुचविले होते. या कार्याबद्दल त्यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वायूविषयीची सूचना मात्र दहा वर्षे कोणी हाती घेतली नाही. अखेर स्वतः मार्टिन यांनी ए. टी. जेम्स यांच्यासह १९५२ मध्ये वायू-द्रव वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली.

या पद्धतीत नमुन्याची वाफ वाहक वायूबरोबर एका लांब, तापविलेल्या नळीतून (स्तंभातून) जाते. स्तंभातील स्थिर प्रावस्थेत कमीअधिक विरघळल्यामुळे निरनिराळे घटक निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. घटक अलग झाले, तरी त्यांपैकी कोणता, केव्हा व किती बाहेर पडला हे सांगणारे साधन हवेच. जेम्स व मार्टिन यांनी त्यासाठी स्वयंचलित अनुमापनाचा उपयोग केला. परंतु ते फक्त अम्ले व क्षारके यांनाच लागू पडत असे. त्यानंतर वायूंच्या उष्णता संवाहकतेतील फरक मोजणारे अभिज्ञातक प्रचारात आले. ते सर्व पदार्थांना प्रतिसाद देत, पण त्यांची संवेदनक्षमता कमी होती. आर. पी. डब्ल्यू. स्कॉट यांनी १९५५ च्या सुमारास हायड्रोजनाच्या ज्योतीचे तापमान तपयुग्माने मोजण्याची युक्ती काढली. घटक ज्योतीत जळू लागला की, तापमान वाढे व त्यावरून त्याची नोंद होई. याच सुमारास जे. ई. लव्हलॉक यांनी किरणोत्सर्गी उद्गम वापरणारा आर्‌गॉन अभिज्ञातक तयार केला. तो अतिशय संवेदनक्षम होता, परंतु त्यातील किरणोत्सर्गी द्रव्यामुळे हाताळणीवर बंधने येत.

संवेदनक्षम साधनाची निकड आणखी एका कारणाने वाढली. एम. जे. ई. गोले यांनी १९५७–५८ मध्ये केशनलिकेसारखे बारीक, आतून स्थिर प्रावस्थेचा पातळ लेप दिलेले स्तंभ पुढे आणले. त्यांची अलगीकरणक्षमता थक्क करणारी होती, परंतु त्यांत मावणारा नमुना इतका अल्प असे की, जुन्या अभिज्ञातकांना त्याचा पत्ताही लागत नसे.

शोध : मेलबर्न येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाच्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड शाखेची संशोधन प्रयोगशाळा होती. तेथील आय. जी. मॅक्‌विल्यम व आर. ए. ड्यूअर हे स्कॉट यांच्या ज्योतीवरच विचार करीत होते. ज्योतीचे तापमान मोजण्याऐवजी तिची विद्युत् संवाहकता मोजली तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. शुद्ध हायड्रोजनाच्या ज्योतीत आयन जवळजवळ नसतात, परंतु कार्बनी वाफेचा लवलेश मिसळताच त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते, असे १९५७ मध्ये त्यांना आढळून आले. प्रिटोरिया विद्यापीठातील जे. हार्ली, डब्ल्यू. नेल व व्ही. प्रिटोरियस हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले. या गटाचे टिपण जानेवारी १९५८ मध्ये व मेलबर्नच्या गटाचे टिपण मार्च १९५८ मध्ये नेचर या एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅम येथील वायू वर्णलेखनविषयक परिसंवादात मॅक्‌विल्यम यांनी आपले साधन मांडले. त्याच परिसंवादात गोले यांनी आपल्या केशिका स्तंभांची उपपत्तीही सादर केली. एकाला हवा असलेला जोडीदार दुसऱ्याजवळ होता. पुढील दोन-तीन वर्षांत यंत्रनिर्मात्यांनी हा अभिज्ञातक आपल्या उपकरणांत बसविण्यास सुरुवात केली.

रचना व कार्य : अभिज्ञातकाच्या तळाशी एक बारीक छिद्राची तोटी असते. केशिका स्तंभासाठी हे छिद्र सु. ०·३ मिमी. व भरीव स्तंभासाठी सु. ०·५ मिमी. व्यासाचे असते. स्तंभातून येणारा वाहक वायू तोटीच्या आत हायड्रोजनाबरोबर मिसळतो व तोटीच्या टोकाशी जळतो. भोवतालून हवा सोडलेली असते. हायड्रोजनाचा प्रवाह मिनिटास सु. ३० ते ४० मिलि. व हवेचा त्याच्या सु. दहापट ठेवतात. ज्योतीवर नळकांड्याच्या आकाराचे संग्राहक विद्युत् अग्र असते. तोटी व संग्राहक यांच्यामध्ये सु. २०० ते ३०० व्होल्ट दाब लावलेला असतो. संग्राहक व धातूचा सांगाडा यांच्यामध्ये उत्तम प्रतीचा निरोधक बसवावा लागतो.

ज्योतीत कार्बनी रेणूचे विघटन होऊन कार्बन व हायड्रोजन यांचे अल्पायुषी मूलक बनतात. त्यांपैकी काहींचा ऑक्सिजनाच्या अणूंशी संयोग होऊन आयन व इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. दर लाख ते दहा लाख कार्बन अणूंमागे एखादाच आयन निर्माण होतो. यातून मिळणारा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये (एका अँपिअरच्या १०<sup>–१२</sup> पटीत) मोजावा लागतो. असे असूनही प्रतिसाद कार्बनाच्या राशीच्या प्रमाणात राहतो व हे प्रमाण सु. एक कोटी पटींच्या पल्ल्यात टिकते. पाणी, हवेतील वायू, कार्बन डाय-ऑक्साइड व निष्क्रिय वायू यांना ही ज्योत जवळजवळ प्रतिसाद देत नाही. त्यामुळे रक्त, मूत्र, मद्य यांसारख्या जलमय नमुन्यांतील अल्प कार्बनी घटक शोधण्यास हे साधन विशेष सोयीचे ठरले.

ऑक्सिजनाला जोडलेला कार्बन अणू मात्र पूर्ण प्रतिसाद देत नाही. मिथिल अल्कोहॉलात एकच कार्बन अणू असून तो ऑक्सिजनाला जोडलेला असतो. म्हणून समान वजनाच्या एथिल अल्कोहॉलाच्या तुलनेने मिथिल अल्कोहॉलाचा प्रतिसाद निम्म्याहूनही कमी असतो. घातक पदार्थाचे शिखर ठेंगणे व निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या पदार्थाचे उंच, ही गोष्ट विषबाधेच्या तपासणीत नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

मलिनतेचा प्रश्न : प्रारंभीच्या काळात अभिज्ञातकाच्या निगेकडे फारसे लक्ष देण्याची गरज भासली नाही. उपकरणे मोजकी होती व ती बनविणारेच ती वापरीत. उपकरण नेहमीच्या कामासाठी रोजच्या रोज चालू लागल्यावर अडचणी दिसू लागल्या. स्तंभांत सिलिकोन वर्गातील (सिलॉक्सेन) स्थिर प्रावस्था सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. उच्च तापमानास त्यांतील थोडा अंश सुटून ज्योतीत येतो व जळून सिलिकेची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी तोटीच्या मुखाशी व संग्राहकाच्या आतील बाजूस बसते. नमुन्यातील घटक बाष्पनशील व्हावेत म्हणून वापरण्यात येणाऱ्या सिलिलीकारक विक्रियाकारकांमुळेही हाच थर वाढतो. अ‍ॅरोमॅटिक विद्रावकांमुळे काजळी धरते. क्लोरिनयुक्त विद्रावक जळून हायड्रोक्लोरिक अम्ल बनते व ज्योतीतील पाण्याच्या वाफेबरोबर ते धातूच्या भागांना गंज चढविते.

या प्रत्येक थराचा परिणाम निराळा असतो. तोटीचे छिद्र अरुंद झाले की, ज्योत अस्थिर होते, शिखरांना शेपूट फुटते व कधी ज्योत पेटतच नाही. संग्राहकावरील थर विद्युत् प्रवाहाला अडथळा करतो व संवेदनक्षमता हळूहळू घटते. गंजाचे वा काजळीचे कण सुटून ज्योतीत पडले की, नोंदपत्रावर एकाएकी उभ्या रेषा उमटतात. निरोधकावर बोटांचा घाम, धूळ वा दमटपणा बसला, तर ज्योत विझलेली असतानाही प्रवाहाची गळती चालू राहते.

स्तंभ १९७९ पासून संगलित सिलिकेच्या लवचिक केशनलिकांचे बनू लागले व त्यांचे टोक थेट तोटीत, तिच्या मुखाच्या एक-दोन मिमी. खालपर्यंत नेता येऊ लागले. त्यामुळे नमुना वाटेत शोषला जाण्याचे थांबले, पण एक नवा दोष उत्पन्न झाला. टोक जास्त वर सरकले, तर नळीवरील बहुवारिकाचे आवरण ज्योतीत करपते व त्याचे तुकडे तोटी बुजवितात. सुधारणेबरोबर निगेचा नवा नियमही शिकावा लागावा, असा अनुभव या साधनाच्या इतिहासात वारंवार येतो.

महाराष्ट्रातील उपयोग : पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) सुगंधी तेले व टर्पिने यांच्या संशोधनाची मोठी परंपरा निर्माण झाली व १९६० नंतरच्या दशकात अशा संशोधनास वायू वर्णलेखन हे आवश्यक साधन ठरले. औषधे, रंग, खनिज तेल व कीटकनाशके यांच्या मुंबई-ठाणे परिसरातील कारखान्यांनीही ते स्वीकारले. पुढे नाशिक येथे केमिटो या नावाने वायू वर्णलेखक तयार होऊ लागले. या उद्योगाचा विश्लेषण उपकरणांचा विभाग २००८ मध्ये थर्मो फिशर या अमेरिकन उद्योगाने घेतला.

ग्रामीण महाराष्ट्राशी या ज्योतीचा संबंध मुख्यतः अल्कोहॉलामुळे आला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पुढे जिल्ह्यात अनेक कारखाने उभे राहिले. मळीपासून अल्कोहॉल तयार करणाऱ्या आसवन्यांमध्ये त्यातील मिथिल अल्कोहॉल, अ‍ॅल्डिहाइडे, एस्टरे व उच्चतर अल्कोहॉले (फ्यूजेल तेल) यांचे प्रमाण याच अभिज्ञातकाने तपासतात. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेची (स्थापना १९७५) अल्कोहॉल तंत्रविद्येतील कामगिरीही याच क्षेत्रातील आहे.

दुसरा संबंध कायद्यामुळे आला. मुंबई मद्यनिषेध अधिनियम, १९४९ मधील तरतुदीप्रमाणे रक्तातील अल्कोहॉलाचे प्रमाण ०·०५ टक्के (१०० मिलि. रक्तात ५० मिग्रॅ.) वा त्याहून जास्त आढळल्यास, ते औषधातून वा अन्य वैध मार्गाने आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये वाहनचालकासाठी १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. ही मर्यादा घातलेली आहे. अशा मर्यादांच्या आसपास काही मिलिग्रॅमच्या फरकाने माणूस दोषी वा निर्दोष ठरू शकतो. म्हणून १९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तपरीक्षा नियमांत स्वच्छतेची स्पष्ट तजवीज केलेली आहे. पिचकारी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी व रक्त काढताना अल्कोहॉलाचा कोठेही स्पर्श होऊ देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. रुग्णालयात त्वचा स्पिरिटाने पुसण्याची सवय लक्षात घेता या दंडकाचे महत्त्व कळते. पूर्वी रक्तातील अल्कोहॉल ऊर्ध्वपातन करून डायक्रोमेटाच्या विक्रियेने मोजीत. ही विक्रिया इतर क्षपणकारक पदार्थांनाही प्रतिसाद देते. वायू वर्णलेखनात मिथिल व एथिल अल्कोहॉले आणि अ‍ॅसिटोन यांची शिखरे स्वतंत्र दिसतात. त्यामुळे संशयाचे एक मोठे कारण दूर झाले.

तिसरा संबंध सर्वांत दुःखद आहे. मिथिल अल्कोहॉल मिसळलेल्या मद्याने राज्यात वेळोवेळी मोठी प्राणहानी झाली आहे. मुंबईतील विक्रोळी भागात डिसेंबर २००४ मध्ये ८० हून अधिक व मालाडमधील मालवणी भागात जून २०१५ मध्ये १०० हून अधिक माणसे दगावली. अहिल्यानगर जिल्ह्यातच फेब्रुवारी २०१७ मध्ये पांगरमल येथे जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळातील मेजवानीत बनावट मद्य प्यायल्याने अनेकांचा बळी गेला. मिथिल अल्कोहॉलाचे यकृतात प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक अम्ल बनते. लक्षणे दिसण्यास बहुधा १२ ते २४ तास लागतात. या अवधीनंतर रक्ताची अम्लता वाढते व दृष्टी मंदावते. वेळीच एथिल अल्कोहॉल वा फोमेपिझोल हा उतारा आणि रक्त-अपोहन मिळाले, तर रोगी वाचू शकतो.

अशा प्रसंगी साधनाचे अंतर जाणवते. जिल्ह्याच्या आग्नेय भागातील जामखेड हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सु. ७५ किमी. अंतरावर आहे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्या स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवेचा बराच भाग गावातच आणता येतो, हे जगाला दाखविले. रक्तातील मिथिल अल्कोहॉलाचे मापन हे मात्र अशा तऱ्हेने गावात आणता येणारे काम नाही. जामखेडसारख्या ठिकाणच्या डॉक्टराला लक्षणांवरूनच उपचार सुरू करावे लागतात आणि मोहोरबंद कुपी दूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते. राज्याच्या अशा प्रयोगशाळांचे मुख्य केंद्र मुंबई येथे असून त्याची सुरुवात १९५८ मध्ये, म्हणजे हा अभिज्ञातक जगापुढे आला त्याच वर्षी झाली. कुपीत सोडियम फ्ल्युओराइड घातलेले असते, त्यामुळे वाटेत रक्त आंबून नवे अल्कोहॉल तयार होत नाही. नमुना घेणारा, तो नेणारा व तो तपासणारा यांनी पाळलेल्या स्वच्छतेच्या साखळीतील शेवटची कडी म्हणजे अभिज्ञातकाची तोटी होय.

रक्ताच्या तपासणीत बंद कुपी ठराविक तापमानास तापवून तिच्या वरच्या भागातील वाफच स्तंभात सोडतात. त्यामुळे रक्तातील प्रथिने उपकरणात शिरत नाहीत व ते अधिक काळ स्वच्छ राहते. नमुन्यात ज्ञात प्रमाणात दुसरे एखादे अल्कोहॉल (अंतर्गत प्रमाणद्रव्य) मिसळून त्याच्या शिखराशी तुलना करतात. अभिज्ञातकाची संवेदनक्षमता घटली, तर दोन्ही शिखरे सारखीच घटतात व गुणोत्तर कायम राहते. हा मोठा आधार असला, तरी तो अपुरा आहे. मलिनतेमुळे गोंगाट (अनियमित चढउतार) वाढल्यास मिथिल अल्कोहॉलाचे आधीच ठेंगणे असलेले शिखर त्यात बुडून जाते. शेपूट फुटलेल्या शिखराचे क्षेत्रफळही नीट मोजता येत नाही. अंतर्गत प्रमाणद्रव्य मलिन अभिज्ञातकाला झाकून नेते, त्याला स्वच्छ करीत नाही.

निगा व स्वच्छता : अभिज्ञातक मलिन होऊ न देणे हे त्याला स्वच्छ करण्यापेक्षा सोपे असते. त्यासाठी पहिली काळजी वायूंची घ्यावी लागते. हायड्रोजन, हवा व वाहक वायू यांच्या मार्गात आर्द्रता शोषणारी रेणवीय चाळणी व कार्बनी वाफा शोषणारा सक्रियित कोळसा बसवितात. हवा दाबयंत्रातून घेतली जात असेल, तर तिच्याबरोबर तेलाचा अंश व पावसाळ्यात भरपूर पाणी येते. अशा वेळी शोषक लवकर निकामी होतात. रंग बदलणारी सिलिका जेल वापरल्यास ती केव्हा बदलावी हे कळते. दुसरी काळजी तापमानाची असते. ज्योतीत पाणी तयार होत असल्याने अभिज्ञातक १५०° से. हून थंड असताना ज्योत पेटवीत नाहीत. नेहमीच्या कामात त्याचे तापमान स्तंभाच्या कमाल तापमानाहून थोडे अधिक ठेवतात, म्हणजे वाफा आत गोठून बसत नाहीत. नवा स्तंभ प्रथम तापवून त्यातील सुटा अंश घालवावयाचा असेल, तेव्हा त्याचे टोक अभिज्ञातकास जोडीत नाहीत व अभिज्ञातकाचे तोंड बुचाने बंद ठेवतात.

इतके करूनही दोष दिसल्यास तो नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधतात. प्रथम हायड्रोजन बंद करून ज्योत विझवितात व विवर्धक चालू ठेवतात. या स्थितीत प्रवाह २-३ पिकोअँपिअरहून जास्त असेल किंवा गोंगाट तसाच राहिला, तर दोष निरोधकात, जोडणीत वा विवर्धकात असतो. तो दूर झाला, तर स्तंभ काढून, तोंड बुचाने बंद करून केवळ ज्योत पेटवितात. स्वच्छ अभिज्ञातकात हा प्रवाह साधारणतः २० पिकोअँपिअरच्या आत असतो. तो वाढलेला दिसल्यास दोष वायूंत, तोटीत वा संग्राहकात असतो. येथपर्यंत सर्व ठीक असेल, तर दोष स्तंभात अथवा नमुना सोडण्याच्या भागात शोधावयाचा असतो. या क्रमामुळे निष्कारण खोलणे टळते. वरचेवर खोलण्यानेही आटे झिजतात व निरोधक तडकतात.

मलिनता थोडी असेल, तर स्तंभ काढून अभिज्ञातक काही तास उच्च तापमानावर चालू ठेवल्यानेही ती जळून जाते. सिलिकेचा थर मात्र असा जात नाही. त्यासाठी अभिज्ञातक खोलावा लागतो. प्रथम ज्योत विझवून हायड्रोजन व हवा बंद करतात, विद्युत् पुरवठा तोडतात व सर्व भाग पूर्ण निवू देतात. संग्राहकावर शेकडो व्होल्ट दाब असू शकतो, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. नंतर संग्राहक व निरोधक कडी काढून घेतात. त्यावेळी सैल झालेली भुकटी तोटीत पडू नये याची दक्षता घेतात. तोटी योग्य मापाच्या पान्याने सोडवितात. तिच्या छिद्रातून त्याहून बारीक अशी तार हलक्या हाताने एक-दोनदा फिरवितात. जाड तार दडपून घातली, तर छिद्राला ओरखडे पडतात, ज्योत तिरपी जळू लागते व अशी तोटी पुन्हा कामास येत नाही. पूर्वी तोटी व संग्राहक केवळ ब्रशाने घासून विद्रावकात धुवीत. श्राव्यातीत तरंगांची पात्रे प्रयोगशाळांतून सुलभ झाल्यावर पाण्यात सौम्य प्रक्षालक घालून त्यात हे भाग काही मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर ते ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी शुद्ध मिथिल अल्कोहॉलाने धुतात व शुद्ध नायट्रोजनाच्या झोताने वाळवितात. वाळलेल्या भागांना उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देत नाहीत. ते चिमट्याने वा धागे न सुटणाऱ्या हातमोज्यांनी धरतात. फार खराब झालेली तोटी साफ करीत बसण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर असते.

पुन्हा जोडताना तोटी बेताने आवळतात, कारण अतिरिक्त जोराने आटे व तोटी दोन्ही निकामी होतात. जोडल्यानंतर अभिज्ञातक लगेच वापरात न आणता काही काळ तापू देतात व त्यातील दमटपणा जाऊ देतात. तिन्ही वायूंचे प्रवाह एकेक करून साबणाच्या बुडबुड्याच्या प्रवाहमापकाने मोजतात. नळीवरील आकडा व तोटीतून प्रत्यक्ष येणारा प्रवाह यांत फरक पडला, तर छिद्र अजून अडलेले आहे असे समजावे. हायड्रोजनाची ज्योत दिवसा दिसत नाही. ती पेटली की नाही हे पाहण्यासाठी तोंडाशी थंड चकचकीत पट्टी धरतात. तिच्यावर बाष्प जमले, तर ज्योत पेटलेली असते. डोळा तोंडाशी नेऊन पाहणे धोक्याचे असते. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला असता स्फोटक मिश्रण बनते. त्यामुळे स्तंभ जोडलेला नसताना व बूच लावलेले नसताना हायड्रोजन सोडल्यास तो भट्टीत साठून स्फोट होऊ शकतो. नंतर ज्ञात प्रमाणाचा विद्राव व नुसत्या पाण्याचा कोरा नमुना तपासून शिखरांची उंची, आकार व गोंगाट यांची पूर्वीच्या नोंदींशी तुलना करतात. हे आकडे जुळेपर्यंत खरा नमुना उपकरणात सोडीत नाहीत.

नोंदवही : कोणत्या दिवशी तोटी साफ केली, शोषक केव्हा बदलला, ज्योतीचा मूळ प्रवाह किती होता, याची नोंद ठेवण्याची पद्धत प्रथम शिस्तीचा भाग म्हणून सुरू झाली. प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीसाठी १९९९ मध्ये आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक आल्यावर तिला औपचारिक रूप मिळाले. शासकीय रासायनिक विश्लेषकाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये होती व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अहवालावर सही विश्लेषकाची असते. त्याला साक्षीस बोलावले गेलेच, तर त्या दिवशी उपकरण सुस्थितीत होते हे दाखविण्यास स्मरणशक्तीपेक्षा नोंदवही उपयोगी पडते.

सद्यःस्थिती : वायूंचे प्रवाह १९९० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाखाली आले. ज्योत विझली, तर हायड्रोजन आपोआप बंद होतो व पुन्हा पेटविण्याचा प्रयत्न यंत्रच करते. हायड्रोजनाच्या सिलिंडराऐवजी पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने तो जागच्या जागी तयार करणारी जनित्रेही वापरात आली आहेत. रेणूची ओळख अधिक निश्चितपणे पटविणारा द्रव्यमान वर्णपटमापक अनेक कामांत वायू वर्णलेखकास जोडतात [⟶ द्रव्यमान वर्णपटविज्ञान]. तरीही अल्कोहॉलांच्या परिमाणात्मक मापनात ज्वाला-आयनीकरण अभिज्ञातकाचे स्थान टिकून आहे. त्याची किंमत तुलनेने कमी असते, त्याचा प्रतिसाद स्थिर असतो व दोष उद्‌भवल्यास तो प्रयोगशाळेतच खोलून दुरुस्त करता येतो. मॅक्‌विल्यम व ड्यूअर यांच्या वेळची तोटी, ज्योत व संग्राहक ही मांडणी मूलतः बदललेली नाही. तोटीतून तार फिरविण्याचे व संग्राहक धुण्याचे कामही अद्याप माणसाच्या हातांकडेच राहिले आहे. तालुक्याच्या गावाहून आलेल्या कुपीतील रक्तात विष होते की नव्हते, हे सांगण्याची या ज्योतीची पात्रता अखेर त्या हातांच्या काळजीवर अवलंबून असते.